वजनानं शेवटी, कामानं पहिली

अक्काच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा मला वाटलं, ही बाई मला जेवायला वाढत नाही, माझ्यासमोर जबानी देते आहे. ताट आलं, मी हात पुढे केला, तेवढ्यात अक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून समोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली.

"आमटीत गूळ जास्त पडलाय. भाकरी सकाळची हाय. कडक भाकरी म्हनून खपवता आली असती, पर ती कडक न्हाय, शिळी हाय. वांग्यात एक किडकं निघालं, ते टाकलंय, बाकीची बघून घेतल्यात. ताकात पानी हाय. लई हाय. आता जेवा निवांत."

निवांत! मी प्रत्येक वांगं दोन्ही अंगांनी न्याहाळून तोंडात घातलं. आणि खोटं कशाला सांगू, इतका निर्धास्त मी पुढे कुठल्याच ताटावर जेवलो नाही. जे काही वाईट होतं ते आधीच सांगून झालं होतं. उरलेलं सगळं बिनघोर खायचं होतं.

ह्या बाईचं नाव मी सांगणार नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तिला सगळे अक्काच म्हणायचे, तिच्याहून थोरलेसुद्धा. पन्नाशीच्या आसपासची, रंगानं भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, आवाजानं गिरणीच्या भोंग्याशी बरोबरी करणारी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की पहिलं वाक्य कानडीत यायचं आणि शिक्षा मराठीत. नवरा गेल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोल्यांत शेंगाचटणी कुटून विकायचा उद्योग काढला होता. पेठेतल्या दहाबारा बाया तिच्याकडे उखळाशी असायच्या. त्याआधी त्या विड्या वळत. तंबाखूच्या खकाण्यातून सुटून त्या भाजलेल्या शेंगांच्या वासात आल्या होत्या, आणि अक्काचा धंदा बसला तर पुन्हा सूप मांडीवर घेऊन तंबाखूच भरावी लागणार, हे त्यांतल्या प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं.

मी ह्या उद्योगाचा विक्री विभाग. विभाग म्हणजे एक सायकल आणि हँडलला दोन पिशव्या. पहिल्याच दिवशी अक्का मला घेऊन दुकानादुकानांतून फिरली आणि माझी ओळख करून देऊ लागली.

"ह्यो आमचा नवा मानूस. चालतो लई, बोलतो त्याच्याहून लई. बी.ए.ला बसलेला हाय, अजून उठलेला न्हाय. हाताचा चोख हाय असं ह्याचा मामा म्हनतो. मी अजून काय बघितलेलं न्हाय."

संध्याकाळपर्यंत निम्म्या सोलापूरला माझी इयत्ता कळली. पण गंमत अशी की त्या दिवसापासून एकाही दुकानदारानं माझ्या शब्दावर संशय घेतला नाही. माझ्यात काय कमी आहे ते अक्कानं स्वतःच सांगून टाकलं होतं. त्यांना शोधायला काही उरलंच नव्हतं.

आता तिच्या लेबलाकडे येतो.

त्या काळी चटणीच्या पाकिटावर लोक काय छापत? देवीचं चित्र, 'एकदा खाल तर पुन्हा मागाल' असं काहीतरी, आणि खाली घरचा पत्ता. आत काय आहे हे एका ओळीत, तेही छापलं तर. अक्काच्या पाकिटावर देवी नव्हती. होतं ते असं: 'शेंगदाणे. लाल मिरची (ह्या खेपेची फार तिखट आहे, बेतानं घ्यावी). लसूण. जिरं. मीठ (चवीपेक्षा थोडं जास्त, टिकण्यासाठी).' वजनाला जे जास्त ते आधी, कमी ते नंतर, हा तिचा स्वतःचा नियम. सरकारचाही तसा काही नियम होता की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि माल बदलला की लेबल बदललं! मिरची ब्याडगी आली की 'रंग छान, तिखटपणा नाही'. जिरं महागलं की 'जिरं पूर्वीपेक्षा कमी घातलं आहे'.

हे सगळं छापायचं काम गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यातल्या चाचांकडे होतं. लग्नपत्रिका आणि तमाशाची पोस्टरं छापून हात बसलेला हा भला माणूस अक्का दिसली की शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या कप्प्यांमागे लपायचा.

"अक्का, ये लेबल हाय की जनमकुंडली?" चाचा कळवळून म्हणत. "लोगां चटनी खाते, पढते नै!"

"खाऊन झाल्यावर वाचतील की," अक्का म्हणायची. "पोट दुखलं तर कोनाला शिव्या द्यायच्या ते कळाय नको?"

एकदा अन्न तपासणारे साहेब आले. नवे होते, तरुण, हातात चामड्याची बॅग. त्यांनी पाकीट हातात घेतलं, वाचलं, उलटवलं, पुन्हा वाचलं, आणि हसू दाबत म्हणाले, "बाई, एवढं सगळं लिहायची काही गरज नाही."

"तुमच्यासाठी लिवलंच न्हाय," अक्का म्हणाली.

साहेब गेले. जाताना त्यांनी पदरचे पैसे देऊन एक पाकीट विकत नेलं. अक्कानं बजावलं, "साहेब, ह्या खेपेला लसूण ओला हुता, चार रोजात संपवा."

हा तिचा रोग पाकिटापुरता असता तर गोष्ट वेगळी. तिच्या भाचीला बघायला पंढरपूरकडची मंडळी आली, तेव्हा मी साक्षीला होतो. मुलगी खाली मान घालून पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलाची आई म्हणाली, "पोहे छान झालेत हो." घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटले. कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं.

"पोहे मी केलेत," अक्का म्हणाली. "तिला येत न्हाईत. पोरगी मनानं चांगली हाय. रागीट हाय. सकाळी उठत न्हाय. शिवनकाम झ्याक करती, पर अर्धं करून ठेवती. डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतंय, तवा बोलायचं ते उजव्या अंगानं बोलायचं."

पलीकडच्या खोलीतलं मुसळसुद्धा थांबलं. मुलाची आई नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा मुलाकडे. आणि मग त्या माउलीला काय वाटलं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, "आमचा पण बिड्या ओढतो. आणि कारकून नाहीये अजून, उमेदवार आहे."

लग्न तिथल्या तिथं ठरलं. मी अनेक लग्नांत जेवलो आहे, पण दोन्हीकडची मंडळी एकमेकांना काही लपवायचं शिल्लक न ठेवता मांडवात उभी आहेत, असं लग्न तेवढंच पाहिलं.

मग दुष्काळाचं साल आलं.

ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. सांगोल्याकडे प्यायच्या पाण्याला टँकर, रस्त्यांवर खडी फोडणारी माणसं, आणि रेशनवर ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. अशा भाकरीबरोबर माणूस चटणीच मागणार. मागणी वाढली, आणि नेमका त्याच वर्षी शेंगेनं दगा दिला. दाणा सुरकुतलेला, पोचट, तेलाचा पत्ता नाही. अक्कानं कुटून पाहिलं, भाजणी वाढवून पाहिली, मिरची बदलून पाहिली. चटणीला चवच येईना. लेबलावर 'शेंगदाणे यंदा वाईट आहेत' असं छापून तिनं दोन खेपा विकल्या. लोकांनी वाचलं, खाल्लं, आणि तिसऱ्या खेपेला दुसऱ्याची घेतली.

अशात एक दलाल आला. पांढरा सदरा, तोंडात पान, हातात पत्र्याचा डबा. डब्यात बारीक, चमकणारी पांढरी पूड.

"चिनी मीठ म्हणतात ह्याला," तो म्हणाला. "चिमूटभर टाका, आणि बघा."

"चीनचं?" अक्का म्हणाली. "हद्द घेतली ती पुरली न्हाय व्हय त्यांना, आता चटनी बी घ्याय आले?"

पण तिनं ताटलीत मूठभर चटणी घेतली, चिमूट टाकली, कालवली आणि भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खाल्ली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. भुवया वर गेल्या. मग तिनं तो तुकडा सगळ्या बायांना वाटला, मला दिला. काय सांगू! तीच पोचट शेंग, तीच चटणी, पण जिभेवर अशी पसरली की जणू साऱ्या शेंगा गेल्या सालच्या. यल्लव्वा नावाची थोरली कामगारीण होती, ती म्हणाली, "अक्का, हे तर जादू हाय!"

"जादू हाय तर जादू म्हनून विकायची," अक्का म्हणाली. "ह्याचं खरं नाव काय?"

डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत होतं, ते मी वाचलं. मोनोसोडियम ग्लुटामेट. अक्कानं माझ्याकडून ऐकून ते पाठ केलं. दिवसभर ती शेंगा निवडताना पुटपुटत होती, मोनोसोडियम, मोनोसोडियम, जणू नवस बोलते आहे.

दलाल चतुर होता. लेबलाचं ऐकल्यावर त्यानं पान थुंकलं आणि आवाज खाली आणला. "अक्का, नाव छापू नका. लोक बिचकतात. आमच्याकडे हीच पूड साध्या मिठात कालवून मिळते. तुम्ही विकत घेतलं ते मीठ. लेबलावर लिहिलं मीठ. खोटं कुठं आलं?"

अक्कानं पहिलं वाक्य कानडीत उच्चारलं. दुसऱ्याची वाट न बघता दलाल चपला हातात घेऊन पळाला. डबा मात्र तिनं ठेवून घेतला, मला त्याच्या मागे पळत जाऊन पैसे द्यायला लावले.

ती पूड वापरायला तिची हरकत नव्हती. हे लोकांना समजत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. बायांचं काम चालायला हवं, लोकांची भाकरी उतरायला हवी, आणि पूड जिभेला सुख देत होती. तिची अट एकच होती, ती सांगून द्यायची. पण सांगायची कुठं? तिच्या नियमानं वजनाला सगळ्यात कमी म्हणून ती सगळ्यात शेवटी यायची. अक्का लेबलाचा कागद घेऊन रात्रंदिवस विचार करीत बसली.

"वजनानं शेवटी हाय," ती मला म्हणाली, "पर कामानं पहिली हाय. शेवटी बारीक लिवली तर खरं लिवूनबी खोटं झालं की."

शेवटी तिनं तोड काढली. जागा शेवटची, पण अक्षर सगळ्यात मोठं. चाचांकडे तेवढी मोठी अक्षरं फक्त तमाशाच्या पोस्टराची होती.

"मो-नो-सो-डि-यम," चाचा खिळे शोधत घामाघूम झाले. "इत्ता लंबा नाम! किसका हाय अक्का, नवाब का?"

लेबल निघालं. खाली, नाचणारीच्या नावाला शोभणाऱ्या वळणदार अक्षरांत: 'मोनोसोडियम ग्लुटामेट घातलं आहे. ही चव वाढवणारी पूड आहे. चव चांगली लागली तर ती शेंगांची नाही, हिची आहे.'

दुष्काळी कामांवर ती चटणी धडाधड खपू लागली. मी होटगीपासून सांगोल्यापर्यंत पिशव्या नाचवत होतो. पण शहरात एक अडचण उभी राहिली. ही पूड माशांच्या काट्यांपासून करतात, अशी आवई कुणीतरी उठवली. आणि अक्काचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाजारातला एक गुजराती शेठ. कट्टर शाकाहारी घर, कांदा-लसूणही वर्ज्य. शहरातला निम्म्याहून जास्त माल त्याच्या दुकानातून जायचा. त्याच्यासाठी अक्का वेगळी बिनलसणाची चटणी कुटायची. वेगळं उखळ, वेगळं मुसळ, आणि त्या उखळाशी बसणाऱ्या बाईनं हात चिंचेनं धुऊनच बसायचं.

शेठ स्वतः आला. "अक्का, ती पूड आमच्या चटणीत नको. तुम्ही सांगाल ते मी बांना सांगतो."

बा म्हणजे त्याची आई. दुकान शेठचं, पण घरात आणि दुकानात काय यायचं हे बा ठरवायच्या.

"न्हाय घालनार," अक्का म्हणाली, आणि त्या पाकिटाचं वेगळं लेबल छापलं: 'ह्यात लसूण नाही. चव वाढवणारी पूड नाही.' शेठनं ते वाचलं आणि त्याच दिवशी नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर दिली.

काही आठवड्यांनी मी शेठच्या दुकानातून परत आलो तो नाचत. "अक्का! बिनलसणाची चटणी सगळी संपली. गिऱ्हाइकं वेड्यासारखी मागतायत. शेठ म्हणतो, अशी चटणी जन्मात खाल्ली नाही. बा तर भाताबरोबरसुद्धा खातायत!"

बाया हसायला लागल्या. अक्का हसली नाही.

"इतकं कौतुक कशाचं?" ती म्हणाली. "पोचट शेंग, लसून न्हाय, पूड न्हाय. ती काय सासू हाय व्हय, मेल्यावर गोड लागाय?"

कौतुकानं संशय येणारी व्यापारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिनं उरलेलं एक पाकीट फोडलं. चिमूट जिभेवर ठेवली. आणि मटकन खाली बसली.

पूड होती.

ती कशी आली हे उलगडायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशीच्या कामाचं मीठ भाजून, कुटून आदल्या संध्याकाळी बरणीत भरून ठेवायची तिथली पद्धत होती. रोज चिमूटचिमूट पूड घालायचा व्याप नको, म्हणून यल्लव्वानं ती एका बरणीतल्या मिठात आधीच कालवून ठेवली होती. काम सोपं व्हावं, एवढाच विचार. दलालानं जी युक्ती सांगून चपला हातात घेतल्या होत्या, तीच युक्ती ह्या भाबड्या बाईनं आपण होऊन केली होती. आणि बिनलसणाच्या उखळावरच्या बाईनं त्या बरणीतलं मीठ उचललं. तिला काय माहीत! मीठ ते मीठ.

यल्लव्वा भिंतीशी बसून तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "अक्का, मी घात केला की वो सगळ्यांचा."

सगळ्यांना वाटलं, आता कानडी येणार. अक्का उठली, फळीवरची ती पांढरी चिनी मातीची बरणी काढली आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. कोरी होती.

"तू न्हाय," ती म्हणाली. "मी. साऱ्या सोलापूरला लेबल लावत फिरले, आनी घरच्या बरनीला न्हाय लावलं."

आता माझं ऐका. मी तेव्हा पंचविशीतला, डोकं चालणारा माणूस. मी दार लावून घेतलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. हे आपल्याशिवाय कुणालाही माहीत नाही. माल संपलेला आहे. पुढची खेप साफ करू. शेठला कळलं तर तो माल बंद करणार, तो गेला की शहर गेलं, आणि शहर गेलं की ह्या साऱ्या बाया उद्या विडीच्या कारखान्याच्या दारात. यल्लव्वाचं रडणं ऐकून चाचाही आधीच धावत आले होते. "अक्का, खुदा के वास्ते चुप बैठो. कोन को मालूम पडता?"

"मला मालूम पडलंय की," अक्का म्हणाली. "मी कोनच न्हाय व्हय?"

ती बायांकडे वळली. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून त्यांना विचारलं. "बोला गं. गप बसू?"

साऱ्या यल्लव्वाकडे बघायला लागल्या. मग यल्लव्वाच डोळे पुसत म्हणाली, "तुमी गप बसलेलं आमी कधी बघितलं न्हाय. आज बघवनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा ठरवला. दोन्ही बाजूंना नट्यांची पोस्टरं, टपावर कर्णा, पुढं घोड्याच्या गळ्यात घुंगरं. आतल्या बाकावर अक्का, मांडीवर मायक्रोफोन, आणि शेजारी बॅटरी सांभाळत मी. माझी मान गुडघ्यात होती, पण कान उघडे होते.

"ऐका वो," कर्ण्यातून तो भोंग्यासारखा आवाज पेठेवर आदळला, "मी चटनीवाली अक्का बोलतीया. बिनलसनाच्या पाकिटावर मी छापलंय, पूड न्हाय म्हनून. ते खोटं हाय. ह्या खेपेला चुकून पूड पडली. ज्यांनी खाल्ली त्यांच्या पोटात गेली, ते काय मला काढता येत न्हाय. ज्यांच्याकडं उरलीय त्यांनी परत द्या, पैसं घ्या. चव आवडली असंल, तर ती त्या पुडीची हाय."

"आजच पहा! रोज तीन खेळ!" टांगेवाल्यानं सवयीनं पुढचं वाक्य टाकलं.

अक्कानं त्याच्या पाठीत रपाटा घातला. पुढच्या चौकात तेच झालं. त्याची जीभच तशी वळलेली, बिचारा काय करणार. सगळ्या पेठेत पोरांची झुंड मागे, माड्यांवर बायका, आणि लोक हसताहेत. मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं. मी चोरून अक्काकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, शौर्यही नव्हतं. ती आमटीत गूळ जास्त पडलाय हे सांगताना दिसायची, तशीच दिसत होती. त्या क्षणी माझी मान आपोआप वर आली.

टांगा शेठच्या दुकानासमोर थांबला. शेठ पायरीवर उभा होता, तांबडालाल.

"अक्का, हे टांग्यावरून कशाला? मला गुपचूप सांगायचं होतं!"

"पाकिटं काय गुपचूप विकलीत व्हय?"

शेठनं मागे वळून माजघराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बांनी रोज खाल्ली आहे. आता बांनाच सांगा. बा ठेव म्हणाल्या तर तुमचा माल दुकानात राहील. नाही तर नाही."

बा माजघरात झोपाळ्यावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात माळ, देह चिमणीएवढा. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. बरणीसकट.

बांनी बराच वेळ माळ ओढली. मग विचारलं, "त्यात मासा असतो?"

मी पुढे सरसावलो. पैसे द्यायला गेलो तेव्हा दलालानं मला सांगितलं होतं की पूड उसाच्या मळीपासून करतात. एवढं एक वाक्य, आणि आम्ही वाचलो असतो. मी अक्काला कोपरानं ढोसलं.

"मळीपासनं करत्यात म्हनत्यात," अक्का म्हणाली. "पर ते इकनारा म्हनतो. मी काय डोळ्यांनी बघितलेलं न्हाय."

शेठनं कपाळावर हात मारला. मीही मारला. बाईनं हातात आलेली सुटका स्वतःच जमिनीवर ठेवून दिली होती.

"मला चव आवडली होती," बा म्हणाल्या. "मला कधी कळलं नसतं. तू कशाला सांगितलंस?"

"आवडली म्हनूनच," अक्का म्हणाली. "वंगाळ लागली असती तर तुमच्या जिभेनंच पकडली असती. ही पूड जिभेलाच फितवती, आई. मग तोंडानं सांगाय नको?"

बांनी डोळे मिटले. आज आपण जेवणार नाही, एवढंच म्हणाल्या. आम्ही उठलो.

त्या दिवशी अक्काही जेवली नाही. तिनं चूल पेटवली, बायांना वाढलं, मला वाढलं, आणि स्वतः पाणी पिऊन कामाला बसली. कुणाला काही बोलली नाही. अक्कानं जाहीर न केलेली एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

सकाळी शेठची हातगाडी आली. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या पाकिटांनी भरलेली. बाया दारात उभ्या राहून ती रिकामी होताना बघत होत्या. यल्लव्वानं तर कोपऱ्यातलं आपलं जुनं सूप शोधून झटकून ठेवलं होतं. शेवटचं पाकीट उतरवल्यावर हमाल म्हणाला, "बांनी अक्काला बोलावलंय. नवीन चटणी कुटली असेल तर घेऊन या म्हणाल्यात."

नवीन चटणी होती. अक्कानं रातोरात स्वतःच्या हातानं भाजलेलं मीठ घालून, यल्लव्वाला शेजारी बसवून कुटलेली. ती एक पाकीट घेऊन निघाली. मी मागे. आणि आमच्या मागे, न बोलावता, सगळ्या बाया.

बा झोपाळ्यावरच होत्या. शेठ खांबाला टेकून उभा. अक्कानं पाकीट पुढे केलं. बांनी ते हातात घेतलं, लेबलावरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

"मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "आजवर हा वाचून सांगायचा. आता तू वाच."

अक्काच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मी गोंधळ पाहिला. एवढी वर्षं ती छापत होती, आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती जमिनीवर बसली.

"शेंगदाने," ती म्हणाली. "पोचट हायत."

"हं."

"मिरची."

"हं."

"जिरं. यंदा कमी."

"हं."

"मीठ."

"कुठलं मीठ?"

"समुद्राचं. मी भाजलं, मी कुटलं."

"आणि काय?"

"आनी काय न्हाय."

"नक्की?"

दारातल्या बायांनी माना पुढे काढल्या. शेठ आईच्या हाताकडे बघत होता. अक्का 'नक्की' म्हणणार, असं मला वाटलं. स्वतः कुटलेली चटणी, स्वतः भाजलेलं मीठ, कुणीही म्हणालं असतं. पण तिनं पाकीट फोडलं, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बसून राहिली. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. तिनं घाई केली नाही. चव पूर्ण विरेपर्यंत थांबली, तोंडात जीभ फिरवली, मग डोळे उघडले.

"नक्की," अक्का म्हणाली. "चव बरी न्हाय."

बांनी माळ मांडीवर ठेवली आणि चटणीसाठी तळहात पुढे केला.